‘काळजी करू नका’ याच्या जागी काय म्हणायचं?

पत्र

आमच्या कारखान्यात पॅकेजिंग मशीनचे सुटे भाग बनतात. आम्ही ३८ माणसं आहोत. गेल्या दोन तिमाहींत ऑर्डरी जवळजवळ एक तृतीयांशाने घटल्या. ओव्हरटाइम बंद झाला, यंदाची पगारवाढ थांबली आणि कंत्राटावरच्या तिघांची मुदत वाढवली नाही. मालक मला म्हणाले, ‘लोकांचं मनोबल जरा वाढवा.’ मी एक प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं, भिंतींवर सुविचार लावले. व्याख्यानानंतर आमचे सर्वांत जुने सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर जवळ आले आणि विचारलं, ‘मॅडम, माझी नोकरी राहणार ना?’ मी ‘काळजी करू नका’ म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. तेव्हापासून सगळे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दोन चांगली मुलं बाहेर मुलाखती देताहेत असंही कानावर आलं. खरं सांगायचं तर पुढे काय होणार हे मलाही माहीत नाही आणि रात्री झोप लागत नाही. आकडे कोणाला सांगायचे नाहीत असा मालकांचा दंडक आहे. त्यातच त्यांच्या केबिनचं नूतनीकरण सुरू आहे, ते सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. मी नेमकं काय करू?

– एक कारखाना व्यवस्थापक

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्याकडची माणसं निरुत्साही झालेली नाहीत, घाबरलेली आहेत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: माणूस कमी बोलतो, सांगितलं तेवढंच करतो, घड्याळाकडे बघतो. पण निरुत्साही माणसाला एखादं चांगलं भाषण हलवू शकतं. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात भाषण ऐकताना एकच विचार घोळत असतो: हे सगळं आपल्याला आत्ताच का ऐकवताहेत? त्यामुळे व्याख्यान फसलं याचा दोष व्याख्यात्याचाही नाही आणि तुमचाही नाही. सुविचार मात्र भिंतीवरून काढून टाका. ज्याला हप्ते कसे भरायचे याची चिंता आहे, त्याला ते रोज टोचतात.

आकडे सांगितले नाहीत म्हणून ते झाकलेले आहेत, असं मालकांना वाटत असेल. तसं नसतं. कच्चा माल किती उतरला, तयार मालाची गाडी आठवड्यातून किती वेळा लागते, कोणतं मशीन दुपारनंतर बंद असतं, नवीन टूल्स मागवायचं कधीपासून लांबणीवर पडलंय, हे मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या मासिक अहवालाच्या कितीतरी आधी दिसतं. ऑर्डरी घटल्याचं त्याला ठाऊक आहे. मालक त्यावर काय करणार आहेत, एवढंच त्याला ठाऊक नाही. ती जागा तो अंदाजाने भरतो, आणि स्वतःच्या नोकरीबद्दलचा अंदाज कोणीही चांगल्या बाजूने बांधत नाही. ते तिघे गेले तेव्हा ते का गेले, आणखी कोणी जाणार आहे का, हे कोणीतरी उभं राहून सांगितलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. सांगितलं नसेल, तर त्या दिवसापासून प्रत्येक जण स्वतःला चौथा समजतो आहे.

म्हणून सुरुवात त्या ऑपरेटर काकांपासून करा. सभेच्या आधी, एकट्यात बोला. मात्र केबिनमध्ये बोलावू नका. अशा दिवसांत केबिनमधून बोलावणं आलं की माणसाच्या पोटात गोळा येतो. शिफ्ट संपायच्या वेळी त्यांच्या मशीनपाशी जा आणि साध्या शब्दांत सांगा. साधारण असं:

‘काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी नुसतं काळजी करू नका म्हणाले. ते काही उत्तर झालं नाही. नोकरी राहील असं वचन मी देऊ शकत नाही, कारण ते एकटीच्या माझ्या हातात नाही. मला माहीत आहे ते सांगते. आज आपल्या हातात नऊ आठवड्यांचं काम आहे. या तिमाहीत कायम कामगारांपैकी कोणालाही कमी करायचं नाही, हे मी मालकांकडून पक्कं करून आले आहे. त्याच्या पुढचं अजून ठरलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काय बदललं ते मी स्वतः सांगेन. बातमी वाईट असली तर ती तुम्हाला बाहेरून कळणार नाही, माझ्याकडूनच कळेल.’

नऊ आठवडे हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे, तिथे तुमचा खरा आकडा घाला. आणि ‘पक्कं करून आले आहे’ हे वाक्य खरंच पक्कं करून आला असाल तरच बोला. मालक तेवढी हमी द्यायला तयार नसतील तर ते वाक्य गाळा, बाकीचं तसंच ठेवा. एवढ्यानेही काकांचा जीव थोडा थाऱ्यावर येईल. त्यांना आता एक मुदत कळली, पुढचं कधी कळणार तो दिवस कळला आणि कोणाला विचारायचं तेही कळलं. त्या मुदतीत ते घरखर्चाचा हिशेब बसवू शकतात, मोठी खरेदी पुढे ढकलू शकतात, मुलाशी बोलू शकतात. ‘काळजी करू नका’ या शब्दांनी यातलं काहीच करता येत नाही.

मग सगळ्यांची सभा घ्या. त्यात मालक स्वतः हजर असले पाहिजेत, याचा आग्रह धरा. का, ते एका उदाहरणावरून सांगते. जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका उत्पादक कंपनीच्या हातून मोठी कंत्राटं गेली होती, म्हणून तिच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात कंपनीचे प्रमुख स्वतः आले. सुमारे दीड तास थांबले, तक्ते दाखवून पैसा कुठे अडलाय ते सांगितलं, ही वेळ आली याचं मनापासून वाईट वाटतं असं म्हणाले, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत घोषणा उरकली, कारण जेमतेम सांगितलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती, तो तुलनेसाठी होता. पुढच्या दहा आठवड्यांत कारखान्यांतून किती माल नाहीसा होतो ते मोजलं. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी चोऱ्या वाढल्या, पण जिथे पंधरा मिनिटांत उरकलं होतं तिथे त्या फारच जास्त होत्या. नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त होते. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही खाली आल्या. कपात दोन्हीकडे सारखीच होती, हे लक्षात घ्या. फरक पडला तो समोर बसून, आदराने, कारणासकट सांगण्याने.

तुमच्याकडे चोऱ्या होतील असं मला अजिबात म्हणायचं नाही. अपमान झालेला माणूस तो कुठे ना कुठे वसूल करतो: एखादा मापात जेमतेम न बसणारा भाग तसाच पुढे सोडतो, मशीनचा आवाज बदललेला कळूनही सांगत नाही. हे कुठल्याही नोंदीत येत नाही. ते येतं ग्राहकाच्या तक्रारीत, आणि या काळात एकही ग्राहक गमावणं तुम्हाला परवडणारं नाही.

आता मालकांच्या दंडकाकडे येते. आकडे बाहेर गेले तर ग्राहक बिथरतील, पुरवठादार उधारी आखडती घेतील, बँक प्रश्न विचारेल, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणून त्यांच्याकडे ‘सगळे आकडे खुले करा’ अशी मागणी घेऊन जाऊ नका. तीनच गोष्टी मागा. हातात किती आठवड्यांचं काम आहे, किती ठिकाणी दर कळवले आहेत आणि उत्तर यायचं आहे, आणि गेल्या महिन्यात किती नवीन ऑर्डरी पक्क्या झाल्या. नफा, कर्ज, ग्राहकांची नावं, भाव यातलं काही नको. हे तीन आकडे शॉपमधल्या, म्हणजे मशीन चालतात त्या विभागातल्या, फळ्यावर दर सोमवारी लिहा, वाईट आठवड्यातही लिहा. एक आठवडा जरी ते लिहायचे टाळलेत, तरी त्या रिकाम्या फळ्याचा अर्थ माणसं लावतील. मालकांनी एवढ्यालाही नकार दिला, तर ‘याबद्दल बोलायची मला परवानगी नाही’ असं लोकांना सरळ सांगा. न सांगण्याची मोकळी कबुली माणसं मान्य करतात. बनाव मात्र त्यांना फार लवकर कळतो.

सभेच्या आदल्या दिवशी सुपरवायझरना सगळं सांगून ठेवा. सभा संपली की प्रश्न त्यांच्याकडेच जाणार, आणि ‘मलाही आत्ताच कळलं’ असं म्हणायची पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका.

खर्च आणखी कमी करायची वेळ आली तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या झोपेच्या आड तोच येतो आहे असं मला वाटतं. त्यावर आत्ताच, शांत डोक्याने मालकांबरोबर बसा आणि क्रम ठरवून कागदावर लिहा. आधी माणसांशी संबंध नसलेले खर्च, मग वरच्या लोकांचे भत्ते आणि पगार, मग सगळ्यांचे कामाचे तास, आणि माणूस कमी करणं सर्वांत शेवटी. हा क्रम लोकांनाही सांगा. आपल्यापर्यंत कुऱ्हाड यायच्या आधी किती पायऱ्या आहेत हे कळलं की माणूस काम करताना मागे वळून बघत नाही.

पगारकपातीबद्दल मात्र घाई करू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी होती, तेव्हा ट्रूमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञांनी ३०० हून अधिक मालक, व्यवस्थापक, कामगार नेते आणि सल्लागारांशी बोलून एक प्रश्न तपासला: इतकी माणसं बेकार असताना मालक पगार कमी का करत नाहीत? बहुतेकांचं उत्तर कामगारांच्या मनाशी निगडित होतं. पगार कापलेला माणूस रोज कामावर येतो आणि ती सल रोज बरोबर घेऊन येतो. शिवाय ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळेल असे चांगले लोक आधी निघून जातात. पण धंदा खरोखर संकटात आहे आणि या कपातीने नोकऱ्या वाचणार आहेत हे पटलं, तर माणसं कपात स्वीकारतात, असंही त्यांना आढळलं. सगळा भार ‘पटलं तर’ या दोन शब्दांवर आहे, आणि ते पटायला वरच्यांनी आधी स्वतःचं कमी केलेलं दिसावं लागतं.

२००९ च्या मंदीत बॅरी-वेमिलर या अमेरिकी यंत्रनिर्मिती कंपनीच्या ऑर्डरी एकाएकी आटल्या. माणसं कमी करण्याऐवजी त्यांनी सगळ्यांना चार आठवड्यांची बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं. ‘सगळ्यांना’मध्ये प्रमुखही आले, आणि त्यांनी स्वतःचा पगारही मोठ्या प्रमाणात कमी केला. तिथे नंतर घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. ज्यांना झेपत होतं अशा काहींनी अडचणीतल्या सहकाऱ्यांचे आठवडे स्वतःकडे घेतले. हे कोणी वरून सांगितलं नव्हतं. ओझं सारखं वाटलं जातंय हे एकदा दिसलं की माणसं एकमेकांकडे बघू लागतात. त्याच वर्षी जर्मनीत कमी तासांच्या योजनेवर एका वेळी १४–१५ लाख माणसं होती. तिथे बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी व्यवस्थेतून भरून येतो, त्यामुळे ती योजना जशीच्या तशी तुम्हाला लागू पडणार नाही. पण माणसं कमी करण्याऐवजी तास कमी करता येतात, हा विचार छोट्या कारखान्यालाही करता येतो. तास कमी करताना सगळ्यांना सारखी टक्केवारी लावू नका. सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे १० टक्के म्हणजे घरातलं आवश्यक सामान असतं. त्यांना वगळा किंवा कमीत कमी झळ लावा. आणि बिनपगारी रजा, कमी तास, कपात यांचे कायद्यातले आणि करारातले नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. कामगार कायदा जाणणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय एकही कागद काढू नका.

एवढं सगळं करूनही माणसं कमी करायचीच वेळ आली, तर ते एकदाच करा. दर महिन्याला दोघे असं करू नका. निकष आधी ठरवा, ते सांगता येण्याजोगे असू द्या, आणि प्रत्येकाला तुम्ही स्वतः समोर बसून सांगा. देणी लगेच चुकती करा, ओळखीच्या कारखान्यांत फोन करा, शिफारसपत्र त्याच दिवशी हातात द्या. जाणाऱ्यांना कसं वागवलं हे राहिलेले डोळ्यांत तेल घालून बघत असतात. जोएल ब्रॉकनर या अमेरिकी संशोधकांनी याच विषयावर अनेक वर्षं काम केलं. नोकरकपातीनंतर मागे राहिलेले लोक कामात किती मन घालतात, हे बऱ्याच अंशी गेलेल्यांना न्याय मिळाला असं त्यांना वाटतं की नाही यावर ठरतं, असं ब्रॉकनर यांना दिसून आलं. तुमच्याकडच्या त्या तिघांनाही अजून फोन करता येईल. कुठे काम लागलं का, काही मदत हवी का, एवढं विचारा. ते तुमच्या माणसांच्या संपर्कात असणारच, आणि तुमचा फोन आला होता हे शॉपमध्ये पोचेल. पण त्यासाठी म्हणून करू नका. ती माणसं तुमच्याकडे राबली आहेत, म्हणून करा.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं त्याकडे येते. ऑर्डरी एक तृतीयांशाने घटल्या म्हणजे तुमच्याकडे तास रिकामे पडले आहेत. मशीनपाशी उभं राहून काम असल्याचं दाखवणं ही कामगाराच्या दृष्टीने फार मानहानीची गोष्ट असते. हाताला काम नसलेला कसबी माणूस स्वतःला रोज थोडा कमी समजू लागतो. त्यामुळे या रिकाम्या तासांचं तुम्ही काय करता, यावर तुमच्या लोकांची उमेद कोणत्याही सभेपेक्षा जास्त अवलंबून आहे.

२००८ साली टोयोटाने अमेरिकेतल्या ज्या कारखान्यांत मोठ्या गाड्यांचं उत्पादन सुमारे तीन महिने थांबवलं, तिथल्या कायम कामगारांना कामावरून काढलं नाही. ते रोज येत राहिले. प्रशिक्षण घेतलं, कामाच्या पद्धती सुधारण्यावर काम केलं. टोयोटाच्या तिजोरीची तुमच्याशी तुलना होत नाही, मला मान्य आहे. पण रिकामा वेळ कौशल्यावर खर्च करायला मोठी तिजोरी लागत नाही.

तुमच्या शॉपमध्ये एक गोष्ट लगेच करून बघा. एका भागाचं काम संपून त्याच मशीनवर दुसऱ्या भागाचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, तो मोजा. म्हणजे सेटिंग बदलायचा वेळ. घड्याळ घेऊन तुम्ही उभ्या राहू नका, तो वेळ काकांनाच मोजू द्या. बरोबर एक तरुण मुलगा द्या, तो लिहून घेईल. जॉ (भाग धरणारे मशीनचे जबडे) बदलायला किती, टूल शोधायला किती, ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमधली नोंद) घ्यायला किती, पहिला नग तपासून मिळेपर्यंत वाट बघण्यात किती. मला खात्री आहे, खरं काम थोडं निघेल आणि शोधाशोध व वाट बघणं बरंच निघेल. लागणारी टूल्स आधीच ट्रॉलीवर लावून ठेवली, ड्रॉइंगची प्रत मशीनपाशीच ठेवली, पहिला नग तपासायला क्वालिटीचा माणूस आधी सांगून बोलावला, एवढ्यावरही बराच वेळ वाचतो. घाईच्या दिवसांत हे करायला कोणाला सवड नव्हती. आता सवड आहे. आणि याचा धंद्याला थेट उपयोग आहे: सेटिंग लवकर बदलता आलं की छोट्या छोट्या ऑर्डरी घेणं परवडतं, आणि मंदीत ग्राहक छोट्याच ऑर्डरी देतात. साठा करून ठेवायला त्याच्याकडेही पैसा नसतो. हे गणित तुमच्या लोकांना समजावून सांगा. आपण जे करतोय त्यातून काम मिळू शकतं हे कळल्यावर माणूस वेगळ्याच जोमाने हात घालतो.

दुसरं म्हणजे शिकवणं. काकांच्या हातात जे आहे ते कुठल्याही कागदावर नाही. पातळ भिंतीचा भाग धरताना किती आवळायचा, कोणत्या आवाजावरून टूल बदलायची वेळ ओळखायची, कोणता प्रोग्रॅम कागदावर बरोबर असूनही पहिल्या नगाला सांभाळून चालवायचा. आठवड्यातले ठरावीक तास त्यांना शिकवण्यासाठी द्या, आणि ते तास कामाच्या नोंदीत कामाचे तास म्हणूनच दाखवा. लेथवरच्याला मिलिंग येऊ दे, मिलिंगवरच्याला तपासणी येऊ दे. कोणाला काय येतं याचा तक्ता करून लावा. इथे एक धोका आहे, तो आधीच निस्तरा. जुन्या माणसाला वाटू शकतं की आपलं सगळं काढून घेतील आणि मग आपल्यालाच घरी पाठवतील. ‘शिकवणाऱ्याची नोकरी शिकवल्यामुळे जाणार नाही’ हे मालकांकडून लेखी घ्या आणि मगच काकांकडे जा. लेखी मिळत नसेल, तर काकांनी हातचं राखून ठेवलं तर त्यांना दोष देऊ नका.

मशीनची दुरुस्ती, गळती, मोडक्या फिक्श्चरची (भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्याची) डागडुजी, हेही याच काळात होऊन जाऊ दे. पण कोणते काम आधी घ्यायचं ते त्या त्या मशीनवरच्या माणसाला ठरवू द्या. माणसांना गुंतवून ठेवायचं म्हणून कसबी कामगाराच्या हातात झाडू किंवा रंगाचा डबा देऊ नका. वेळ काढण्यासाठी दिलेलं काम लगेच ओळखू येतं.

मुलाखती देणाऱ्या त्या दोन मुलांबद्दल. त्यांना शोधून जाब विचारू नका आणि निष्ठेच्या गोष्टीही सांगू नका. पोटापाण्यासाठी दुसरीकडे बघणं हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्याशी बोला ते त्यांच्या कामाबद्दल: पुढच्या वर्षभरात त्यांना काय शिकायचं आहे, त्यातलं या महिन्यापासून काय सुरू करता येईल. सेटिंगचा वेळ लिहून घेणारा मुलगा यांच्यातलाच निवडता येईल. शिफ्ट थोडी सोयीची करून देता येते, बाहेरचा एखादा कोर्स करायला वेळ देता येतो. पगारवाढीचं विचारलं तर ‘पुढे नक्की बघू’ म्हणू नका. थांबलेल्या वाढीचा पुन्हा विचार कोणत्या महिन्यात होणार, आणि हातातलं काम किती आठवड्यांवर गेलं तर ती देता येईल, हे मालकांकडून ठरवून घ्या आणि तेवढंच सांगा. तरीही गेले, तर चांगल्या मनाने जाऊ द्या. दिवस बदलल्यावर अशी मुलं परत आलेली मी पाहिली आहेत, आणि ती परत आली कारण जाताना त्यांच्याशी कोणी वाईट बोललं नव्हतं.

कौतुकाबद्दल फार सांगत नाही. महिन्याचा उत्तम कामगार वगैरे आत्ता काढू नका. जिथे नोकरीचीच शाश्वती नाही तिथे एकाला निवडणं म्हणजे बाकीच्यांना इशारा वाटतो. कोणी काही नेमकं चांगलं केलं, तर तिथल्या तिथे, नेमकं तेच सांगा.

आणि तुम्ही स्वतः. तुम्हालाही भीती वाटते हे लोकांपासून लपवायचं का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. ‘मलाही हे दिवस जड जाताहेत’ एवढं सभेत म्हणायला हरकत नाही, त्याने तुमचा मान कमी होत नाही. पण त्याच्या पुढचं, म्हणजे रात्रीचे विचार, मालकांवरचा राग, स्वतःच्या नोकरीची धाकधूक, हे तुमच्या हाताखालच्या माणसांसमोर उघडं करू नका. त्यांच्याकडे आधीच पुरेसं आहे. त्यासाठी बाहेरचं कोणी शोधा. दुसऱ्या कारखान्यातली तुमच्यासारखीच एखादी व्यवस्थापक, जुने वरिष्ठ, घरातलं कोणी. आठवड्यातून एकदा त्यांच्याशी मोकळं बोला. तुमची झोप ही आत्ता ३८ माणसांच्या उपयोगाची गोष्ट आहे, ती गंभीरपणे घ्या, आणि लागलं तर डॉक्टरांनाही भेटा.

राहता राहिली केबिन. मी वर जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं ते काम सुरू असेपर्यंत कोणाला पटणार नाही. कदाचित ते पैसे आधीच देऊन झाले असतील, कदाचित छत खरोखर गळत असेल, पण शॉपमधल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की आमचा ओव्हरटाइम गेला आणि तिकडे फरशी बदलतेय. हे मालकांशी बोलायचं काम तुमचंच आहे, कारण दुसरं कोणी बोलणार नाही. चारचौघांत बोलू नका आणि नैतिकतेचा मुद्दा काढू नका. त्यांच्याच कामाच्या भाषेत सांगा: ‘सर, तुम्ही मला लोकांचं मनोबल वाढवायला सांगितलंत. त्यासाठी मला सर्वांत जास्त उपयोगी पडेल अशी गोष्ट तुमच्या हातात आहे. केबिनचं काम ऑर्डरी परत येईपर्यंत थांबवता येईल का? आणि थांबवलं आहे हे सोमवारच्या सभेत तुम्ही स्वतः सांगाल का?’ नाही म्हणाले, तर निदान ते काम कशासाठी आणि कुठल्या पैशातून होतंय हे त्यांनीच सभेत सांगावं, असं मागा. तुम्ही त्यांच्या वतीने ते सांगू नका. सभेची तारीख मात्र यासाठी पुढे ढकलू नका. ती येत्या आठवड्यातच घ्या.